पडदा न विझवता

मीटरबाईंनी दुसरी टाचणी वायरीच्या काळ्या सालीत रुतवली आणि धाकटीने श्वास रोखून टीव्हीच्या पडद्याकडे बघितलं. पडद्यावरची अक्षरं होती तिथेच होती. खालून वर एक पुसट आडवी पट्टी सरकत गेली, पण ती गेले तीन आठवडे अशीच सरकत होती.

"श्वास घ्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही श्वास कोंडल्याने व्होल्ट वाढत नाहीत."

वायर दोन पदरांची होती. पॉवर सप्लायच्या काळ्या ठोकळ्यातून निघून ती टेबलावरच्या जुन्या संगणकात जात होती. एका पदरात एक टाचणी, दुसऱ्यात दुसरी, आणि दोघींमध्ये बोटभर अंतर. त्या एकमेकींना टेकल्या असत्या तर पडदा काळा झाला असता. एरवी यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. बंद पडलेलं यंत्र पुन्हा चालू करता येतं. पण हे यंत्र एकदा विझलं, की पुन्हा उजळूनही त्याला काही आठवणार नव्हतं, आणि दादा मुका होणार होता. म्हणून आज दुरुस्ती करायची होती ती चालू यंत्राची, पडदा न विझवता. हे काम ऐकून दोन दुकानदारांनी कानावर हात ठेवले होते. तिसऱ्याने मीटरबाईंचा नंबर दिला होता.

बाईंचं खरं नाव कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या हजेरीपटाबरोबरच निवृत्त झालं होतं. मीटर लावून बघितल्याशिवाय त्या कशावरही विश्वास ठेवत नसत, म्हणून मुलांनी त्यांना मीटरबाई करून टाकलं, आणि बाईंनी ते नाव मुकाट्याने स्वीकारलं. पासष्टी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं तिखट आणि हात मात्र लोण्यासारखा. आल्या आल्या त्यांनी चपला दाराशी काढल्या, चहा नंतर म्हणून सांगितलं आणि टेबलाखाली शिरून ठोकळ्यावर तळहात ठेवला.

"हा तापलाय की याला ताप आलाय," असं म्हणत त्या बाहेर आल्या.

आता त्यांनी मीटरचे चिमटे टाचण्यांना लावले. आकडा आला आठ पॉइंट एक. त्यांनी बटण फिरवून आणखी एक माप घेतलं आणि नाक मुरडलं. ठोकळ्यावर लिहिलं होतं नऊ. आठ काही वाईट नव्हते, पण ते सलग आठ नव्हते. वीज आतल्या आत उड्या मारत होती, आणि प्रत्येक उडी खाली येताना सव्वासाताला शिवत होती. ठोकळ्यातला एक कपॅसिटर, म्हणजे या उड्या सपाट करण्याचं काम असलेला डबीसारखा भाग, म्हातारा होऊन आतून सुकला होता. पडद्यावरची सरकती पट्टी त्याचीच.

"आणि सातच्या खाली गेलं तर?" धाकटीने विचारलं.

"तर यंत्र विसरतं. सगळं. एका क्षणात."

हे दादाच्या देखत बोलायला नको होतं, असं धाकटीला वाटलं. तिने डोळ्यांनी बाईंना खुणावलं, पण बाईंचे डोळे मीटरवर होते.

दादा हात टेकायच्या खुर्चीत टेबलाशी बसला होता, नेहमीसारखा, उजवा हात कीबोर्डच्या पुढ्यात ठेवलेल्या उशीवर टेकवून. अकराव्या वर्षी मेंदूत गेलेल्या तापाने त्याची वाचा नेली आणि डावी बाजूही. उरलं ते कान, डोळे, पूर्ण शाबूत डोकं आणि उजव्या हाताचं एक बोट. तेही थरथरायचं. तो तेरा वर्षांचा असताना बाबांनी हा संगणक आणला. बाबा नकाशे काढायच्या कचेरीत होते. आयुष्यभर त्यांनी नद्या आणि रस्ते हाताने रेखले. या यंत्राला आपली अक्षरं येत नाहीत हे कळल्यावर ते चौकटीच्या कागदावर, आठ चौकोन उभे आणि आठ आडवे, एकेक अक्षर काढत बसले. मग तो कागद आकड्यांत उतरवून यंत्राला शिकवला. सहा महिने लागले. त्या अक्षरांत बाबांच्या हाताचं वळण उतरलं होतं. त्यांचा 'ळ' जरा लठ्ठ होता, तो पडद्यावरही लठ्ठच आला.

एकेका कळीवर त्यांनी रोजची वाक्यं बसवली: पाणी दे, खिडकी उघड, पुरे, डोकं दुखतंय, आज काय झालं सांग. बाकीचं दादाने अक्षर अक्षर जुळवून लिहायचं. आणि थरथरत्या बोटाने चुकून भलतीच कळ दाबली जाऊन सगळं थांबू नये म्हणून बाबांनी प्रोग्रॅमला कुलूप घातलं. एक सांकेतिक शब्द टाइप केल्याखेरीज तो थांबायचा नाही, आणि थांबल्याखेरीज त्याची प्रत काढता यायची नाही. बाबा होते तोवर ते दर काही महिन्यांनी दार लावून बसत, कुलूप उघडत, नवी वाक्यं घालत आणि सगळं कॅसेटवर उतरवून ठेवत. अकरा वर्षांपूर्वी ते गेले. कुलपाचा शब्द काय, ते कुणी विचारलंच नव्हतं.

कॅसेट होती तोवर काही बिघडलं नाही. वीज गेली, यंत्र विझलं, की टेपरेकॉर्डरवर ती लावायची. सात मिनिटं कर्कश किंचाळी ऐकायची आणि दादा पुन्हा बोलू लागायचा. दोन वर्षांपूर्वी एकदा प्रोग्रॅम आत गेल्यावर कॅसेट मागे गुंडाळताना टेपरेकॉर्डरने फीतच खाल्ली. धाकटी स्वयंपाकघरात बसून तासभर ती सुरकुतलेली फीत पेन्सिलीने सरळ करत राहिली. मग तिने डोळे पुसले, वीज गेली तरी चालणारी बॅटरीची पेटी विकत आणली आणि त्या दिवसापासून यंत्र बंद केलं नाही. दादाला यातलं काही सांगितलं नाही. उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला.

तिने एक नवीन काचेची पाटीही आणून बघितली होती, हल्लीची, बोट फिरवलं की चालणारी. दादाने दोन दिवस प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी ती कोपराने टेबलाच्या कडेला सरकवून दिली. काचेला थरथर आणि दाबणं यातला फरक कळत नाही, असं धाकटीने सगळ्यांना सांगितलं. शिवाय त्या पाटीला त्याचे शब्द अर्ध्यावरच पुरे करायची खोड होती.

"म्हणजे बघा," बाई टाचण्या काढता काढता म्हणाल्या, "आत प्रोग्रॅम आहे, बाहेर कुठे नाही. कॅसेट गेली. कुलूप उघडत नाही. ठोकळा आज जाईल की आठ दिवसांनी, ते तो ठोकळाच जाणे. बरोबर?"

धाकटीने घाईघाईने दादाकडे बघितलं. दादा बाईंकडे बघत होता. मग त्याने मान खाली घातली आणि बोट उचललं.

त्याचं बोट आधी कळीच्या वर घिरट्या घालायचं आणि मग पडायचं. एका अक्षराला कधी पाच सेकंद लागत, कधी वीस. पडद्यावर 'बा' आलं. मग 'बां'. थोड्या वेळाने 'बाबांनी' पुरं झालं, आणि बोट पुढच्या कळीकडे निघालं.

धाकटीचा ऊर भरून आला.

"हो रे दादा," ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "बाबांनी किती केलं आपल्यासाठी. त्यांची एवढी मेहनत मी वाया जाऊ देईन का? तू काळजी करू नकोस. बाई आल्यात ना."

दादाचं बोट हवेतच थांबलं. त्याने ते उशीवर परत ठेवलं.

धाकटी छापखान्यात मुद्रितं तपासायची. लोकांची अर्धवट, लंगडी वाक्यं सरळ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरीही दादाचं अर्ध वाक्य आलं की उरलेलं तिच्या जिभेवर तयार असायचं, आणि दहातल्या आठ वेळा ते बरोबर निघायचं. त्याच्या बोटाचे तेवढेच कष्ट वाचतात, याचं तिला समाधान होतं.

बाईंनी आता दादाला सांगितलं की काम संपेपर्यंत कीबोर्डला हात लावायचा नाही. वायर हलता कामा नये. दादाने बाईंकडे, मग धाकटीकडे बघितलं आणि हात मांडीवर घेतला.

युक्ती ऐकायला सोपी होती. जुना ठोकळा चालू असतानाच त्याच्या वायरीला मध्येच दुसऱ्या विजेचा जोड द्यायचा. दुसरी वीज वाहू लागली की जुन्या ठोकळ्याला निरोप द्यायचा. यंत्राला कळूही द्यायचं नाही. त्यासाठी बाईंनी आठ सेलांची एक पट्टी भरून आणली होती आणि तिच्या तोंडाशी एक डायोड जोडला होता. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार, त्यांनी समजावलं; सेलांतून वीज बाहेर येईल, पण ठोकळ्यातली उलटी सेलांत शिरणार नाही. कायमचा म्हणून त्यांनी घरी एक नवीन सप्लायही बांधून आणला होता, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. त्यावर चिकटपट्टीवर लिहिलं होतं 'नऊ. खरेच नऊ.'

"पांढऱ्या रेघेची वायर अधिक ना?" धाकटीने विचारलं. तिने रात्री बसून थोडं वाचून ठेवलं होतं.

"सगळे तेच म्हणतात. मीटर म्हणतो की उणे." बाईंनी तिला आकड्याआधीची आडवी रेघ दाखवली. "या जातीच्या यंत्रांत उलटं असतं. पांढऱ्या रेघेवर भरवसा ठेवला असता तर आत्ता धूर बघत बसलो असतो."

मग त्यांनी ब्लेडने दोन पदरांच्या मधल्या खाचेत चीर दिली, पदर वेगळे केले आणि त्यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. तो पुठ्ठा धाकटीने धरायचा होता. एका पदराची साल सेंटिमीटरभर निघाली. आत तांब्याच्या तारा चमकल्या. बाईंनी सोल्डरिंगची सळई तापवली आणि तापल्यावर आधी तिचा प्लग भिंतीतून काढला. सळईचं टोक आतून अर्थिंगच्या तारेने जमिनीला जोडलेलं असतं, त्या म्हणाल्या, आणि मला आज जमिनीचा या वायरीशी संबंध नको आहे. प्लग काढल्यावर सळई जेमतेम वीस सेकंद गरम राहत होती. तेवढ्यात डाग द्यायचा. नाही बसला तर पुन्हा तापवायची, पुन्हा प्लग काढायचा.

पहिला डाग दुसऱ्या खेपेस बसला. दुसऱ्या पदराच्या वेळी वायर किंचित ओढली गेली आणि पडद्यावरची अक्षरं थरारली, पाण्यात पडलेल्या सावलीसारखी. पुठ्ठा धरलेली तिची बोटं पांढरी पडली. बाई दगडासारख्या स्तब्ध झाल्या. अक्षरं हळूहळू स्थिरावली.

"ठोकळ्यात वायर सैल आहे," बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "म्हणजे आपण वेळेवर आलोय. हात हलवू नका."

तिसऱ्यांदा सळई तापली. प्लग निघाला. बाई वाकल्या, चिमूटभर धूर उठला, आणि त्यांनी फुंकर घातली नाही, नुसती वाट बघितली. मग सेलांच्या पट्टीचं बटण दाबलं.

पडद्यावरची आडवी पट्टी वर चढता चढता अर्ध्यावर नाहीशी झाली. चित्र असं काही स्वच्छ झालं की धाकटीला वाटलं, काच पुसली कुणीतरी. बाईंनी मीटर लावला. आठ पॉइंट नऊ. दुसरं माप, उड्यांचं, शून्याला टेकलेलं. त्यांनी टेबलाखाली हात घालून जुन्या ठोकळ्याचा प्लग उपटला. ठोकळ्याची तीन आठवड्यांची गुणगुण थांबली आणि खोली इतकी शांत झाली की शेजारच्या घरातला नळ ऐकू येऊ लागला. अक्षरं जागच्या जागी होती. अर्धवट वाक्यातलं 'बाबांनी'सुद्धा.

नवीन डब्याचा जोड द्यायला आणि सेलांची पट्टी सोडवायला आणखी अर्धा तास गेला, पण त्यात भीती उरली नव्हती. सगळं चिकटपट्टीत गुंडाळून झालं तेव्हा धाकटीच्या जिवात जीव आला. ती बाईंचे आभार मानायला गेली. तिने बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. बाईंचं बोट भाजलं होतं, आणि त्या बोलल्या नव्हत्या.

"फार उपकार झाले, बाई. खरंच फार."

"आभार सेलांचे माना," बाई म्हणाल्या. "आणि आता चहा टाका."

चहा झाला. बाई बशीत ओतून फुंकत प्यायल्या. दादाला धाकटीने नळीच्या पेल्यातून दिला. बाईंना काम संपल्याचं समाधान दिसत होतं, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा पडद्याकडे जात होती. सप्लाय झाला, त्या म्हणाल्या. पण प्रत हवीच. आज नाही तर पाच वर्षांनी काहीतरी होईलच. ते कुलूप मला खुपतंय.

धाकटीने शोधाशोधीची सगळी कथा सांगितली. बाबांच्या डायऱ्या, नकाशांच्या गुंडाळ्या, पासबुकांची मागची पानं. कचेरीतल्या त्यांच्या जुन्या मित्राला जाऊन भेटली, तो बिचारा म्हणाला की तुझे बाबा पेन्सिल कुठे ठेवतात तेही कुणाला सांगायचे नाहीत. आईचं माहेरचं नाव, दोघांचे वाढदिवस, पहिल्या घराचा नंबर, सगळं दादा झोपल्यावर टाइप करून झालं. दोन वर्षं सगळं पालथं घातलं.

"सगळ्यांना विचारलंत?"

"अगदी सगळ्यांना."

"यांना?"

बाईंनी बशी दादाच्या दिशेने किंचित हलवली. धाकटी हसली, मग हसू अर्ध्यात राहिलं. तिने तोंड उघडलं. त्याला कशाला त्रास, असं ती म्हणणार होती, आणि ते वाक्य तिला ऐकू आलं, म्हणण्याआधीच.

फोनवर बाईंनी विचारलं होतं की कुलपाचा शब्द कुणाला माहीत आहे, आणि धाकटीने सांगितलं होतं की कुणालाच नाही. तेवढं एकच वाक्य बाईंनी मीटर न लावता खरं धरलं होतं. आता त्या खुर्ची सरकवून दादाच्या समोर बसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एखाद्या सहकाऱ्याला विचारावं तसं विचारलं, "तो शब्द तुम्हाला माहितीये का हो?"

दादाने उजवा हात मांडीवरून उचलून उशीवर ठेवला. बोट घिरट्या घालू लागलं. 'म' आला. 'मला' आलं.

"मला आठ..." धाकटी म्हणाली. बाईंनी तिच्याकडे न बघता तळहात वर केला.

शेजारचा नळ बंद झाला. बोट एकदा चुकीच्या कळीवर पडलं. दादाने ते अक्षर पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. पुढे आलं 'माहीत'. धाकटीला वाटलं, 'नाही' येईल आता. ती वाट बघत राहिली. किती दिवसांनी ती अशी वाट बघत होती ते तिला आठवेना.

'मला माहीत आहे.'

दादाचं बोट थांबलं नव्हतं. खालच्या ओळीवर, त्याच संथ चालीने, एकेक अक्षर येत राहिलं. 'बाबांनी तेव्हाच सांगितला. यंत्र माझं आहे म्हणून.'

धाकटी खुर्ची ओढून बसली. दुपारपासून पडद्यावर पडून असलेला तो 'बाबांनी' तिला दिसत होता. बरोबरच होतं. ज्याचं यंत्र, त्यालाच किल्ली दिली होती त्यांनी. दुसऱ्या कुणाला का देतील? आणि दादाला कॅसेट गेल्याचं माहीतच नव्हतं, कारण ते त्याच्यापासून लपवलं होतं. आज कळलं तेव्हा तो लगेच सांगायला निघाला होता, तर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं वाक्य आपल्याच मायेने भरून टाकलं. ती रडली असती, पण बाई हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाजलेलं बोट वर धरून त्या हसत होत्या.

"दोन तास," त्या म्हणाल्या. "दोन तास मी चालू वायरीला डाग देत होते."

दादाचा चेहरा उजव्या बाजूने हलला. तो हसला की एकाच बाजूने हसायचा.

बाईंनी पुढे सरसावून कागद-पेन्सिल काढली. शब्द सांगा, मी टाइप करते, असं काहीतरी त्या म्हणणार होत्या. पण दादाचं बोट पुन्हा निघालं होतं, म्हणून त्याही थांबल्या. 'तिकडे बघा,' त्याने लिहिलं.

"कुठे?" धाकटीने विचारलं.

त्याने हनुवटीने भिंत दाखवली. दोघी उठल्या. एक पासष्ट वर्षांची आणि एक एकोणचाळीस वर्षांची, लपंडावात डाव आलेल्या मुलींसारख्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंतीवर एक जुनी भेग होती, तीच दोघी बघत राहिल्या. मागून कळी वाजत होत्या. धाकटीने मोजायचं नाही असं ठरवलं तरी मोजल्या. सात होत्या, आणि तिसरीनंतर बराच वेळ काहीच नाही. मग सातवी. मग टेबलावर बोटाने टकटक.

वळून बघितलं तर पडदा कोरा होता आणि डाव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन उघडझाप करत होता. एकतीस वर्षांचं कुलूप उघडलं होतं.

पुढचं सगळं बाईंनी केलं. त्यांनी पिशवीतून स्वतःचा टेपरेकॉर्डर काढला, वायरी जोडल्या आणि दोन कोऱ्या कॅसेटींवर दोन प्रती उतरवल्या. खोलीभर किंचाळी पसरली आणि तिघंही ती कौतुकाने ऐकत बसले. प्रती झाल्यावर बाईंनी हात पुसले आणि म्हणाल्या की उतरलंय असं यंत्र सांगतंय, पण माझा विश्वास नाही. बंद करून बघायचं.

धाकटीचा चेहरा पडला. दोन वर्षं तिने तो पडदा डोळ्यांत तेल घालून जपला होता. तिने आधी बाईंकडे बघितलं, आणि मग, जरा उशिराच पण तिचं तिलाच सुचून, दादाकडे.

"करू या?" तिने विचारलं आणि ती थांबली.

दादाने उत्तर टाइप केलं नाही. प्रोग्रॅमच चालू नव्हता. त्याने हात लांब केला, नवीन डब्याचं बटण दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा सापडलं. पडदा काळा झाला. त्यात तिघांचे चेहरे दिसले.

मग बटण पुन्हा दाबलं, कॅसेट लावली, आणि सात मिनिटांनी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून बाबांची अक्षरं एकेक करून परत आली, लठ्ठ 'ळ'सकट.

बाई निघाल्या. त्या दाराशी चपला घालत असताना धाकटीने पुन्हा आभार मानायला सुरुवात केली, तर त्यांनी ते तोडले आणि आत दादाला हाक मारून सांगितलं, "तुमचे उपकार झाले हो. उगीचच एक मोठी गोष्ट शिकवलीत म्हातारीला." आणि जिना उतरून गेल्या.

धाकटी खोलीत परत आली. तिने टेबलावरचे वायरींचे तुकडे गोळा केले, पुठ्ठा उचलला आणि ते हातात धरूनच दादाच्या शेजारी बसली. चुकलं म्हणावं, तर त्याने उदारपणे 'पुरे'ची कळ दाबली असती. तेवढ्यात त्याचंच बोट उठलं.

'तू.'

तू दमलीस, तिच्या मनात आलं. तिने ओठ मिटून घेतले.

'तू ल.'

हे वाक्य कधीतरी येणार हे तिला अकरा वर्षं माहीत होतं: तू लग्न केलं नाहीस, ते माझ्यामुळे. त्याचं उत्तर तिने भांडी घासताना, छापखान्याच्या वाटेवर, शंभर वेळा घोटून ठेवलं होतं. आत्ताही ते सगळंच्या सगळं जिभेवर आलं. तिने हातातला पुठ्ठा घट्ट धरला आणि बोटाकडे बघत राहिली.

'तू लहान.' मग 'लहानपणी.' पुढचं अक्षर शोधताना बोट एकदा कीबोर्डच्या टोकापर्यंत जाऊन परत आलं. बाहेर उन्हं कलली होती आणि त्यांचा एक पट्टा टेबलावरून हळूहळू सरकत होता. तिने आणखी चार अंदाज केले. चारही चुकले.

'तू लहानपणी शिट्टी वाजवायचीस. का सोडलीस?'

दादाने हात उशीवरून काढून मांडीवर ठेवला. त्याचं झालं होतं.

धाकटीने सवयीने लगेच तोंड उघडलं. वेळ कुठे असतो, हे एक उत्तर होतं. या वयात बरं दिसतं का, हे दुसरं. दोन्ही खोटी होती. शिट्टी तिला खरंच यायची, जिन्यात उभं राहून वाजवली की तिसऱ्या मजल्यावरची दारं उघडायची. आणि ती केव्हा थांबली हे या घरात कुणाच्या लक्षात असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात दुःख जवळजवळ नव्हतंच. इतकी वर्षं हा माणूस तिचं काहीतरी सांभाळून बसला होता, याचेच तिला उपकार वाटत होते.

"मी ना," ती म्हणाली, आणि पुढचं तिला सापडेना. "म्हणजे बाबा गेल्यावर नाही. त्याच्या आधीच... एकदा..."

ती अडखळली, आठवू लागली. दादाने तिच्याकडे बघत मान जराशी तिरकी केली. त्याला कसलीच घाई नव्हती.